अकरा दिवसांचा आबा

"कोणाचं पीठ आहे हे? अहो, मी काय विचारते, कोणाचं पीठ? अख्ख्या गाडीची गिरणी करून ठेवली."

कंडक्टरबाई ओरडत होत्या आणि मी खिडकीबाहेरच्या उसाकडे असा बघत होतो, जणू जन्मात ऊस पाहिला नाही. नेवाशाहून निघालेली आमची एसटी श्रीरामपूर मागे टाकून बाभळेश्वराच्या अलीकडे एका खड्ड्यात गेली. खड्डा कसला, आमचं जहाज त्यात आरामात नांगर टाकून उभं राहिलं असतं. वरच्या फळीवरची माझी पिशवी फुटली आणि आईनं दिलेलं पाच किलो बाजरीचं पीठ पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर बसलं. त्याची टोपी, मिश्या आणि भुवया एका रंगाच्या झाल्या.

"माझं आहे," मी शेवटी कबूल केलं.

"दिसता तर शिकलेले. काय करता?"

"नौदलात आहे. अधिकारी. आत्ताच झालोय."

"मग समुद्रावर पीठ असंच बांधता का?"

गाडी हसली. म्हाताऱ्यानं मात्र मांडीवरचं पीठ ओंजळीनं गोळा करून माझ्या रुमालात टाकलं. "बाजरी हाय. वाया नगं घालवू," म्हणाला. मग शेजारी सरकून जागा करून दिली आणि विचारलं, "लढाईला गेल्तास का?"

तो प्रश्न आला की माझी जीभ सुटते. लोणी येईपर्यंत मी म्हाताऱ्याला दोन क्षेपणास्त्रं चुकवून दाखवली, एक बुडी मारलेली पाणबुडी नुसत्या वासावरून ओळखली आणि भर समुद्रात देवमाशाला भोंगा वाजवून वाटेतून बाजूला केलं. म्हातारा "व्हय का, व्हय का" करत ऐकत होता. उतरताना म्हणाला, "लई खोटं बोलतोस लेका. पन गाडीत बरं वाटलं."

वाचकांना म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी थापाड्या माणूस आहे. नाव भाऊसाहेब. आमच्या भागात पाळण्यातल्या पोरालाच साहेब करून टाकतात, त्यामुळे नवीन खलाशी म्हणून भरती झालो तेव्हा माझ्यावर खेकसायला आलेला कवायतमास्तर यादीतलं नाव वाचून दोन क्षण सावधान उभा राहिला होता. ही थाप नाही. बाकीच्यांत थोडं इकडं-तिकडं असेल. पण या प्रवासात राजूरला जे झालं, त्यात मी एक दाणाही वाढवलेला नाही.

संगमनेर

गाडी बदलायची म्हणून अर्धा तास होता. मिसळ खाल्ली, नदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. ही प्रवरा. नेवाशाला आमच्या घरामागून जाते ती हीच, फक्त तिथवर येताना तिच्यात पाण्यापेक्षा वाळूचे खड्डे जास्त असतात. मी चाललो होतो तो नदीच्या उलट्या दिशेनं, वरच्या अंगाला, सोमनाथच्या गावाला.

सोमनाथशी ओळख भरतीच्या शिबिरातली. पहिल्याच दिवशी विचारलं, गाव कुठलं. तो म्हणाला, राजूरजवळची वाडी. मी म्हणालो, नेवासा. तर हा मनुष्य गंभीरपणे म्हणाला, "म्हंजे आमचे बैल धुतलेलं पानी तुमी पिता." मी म्हणालो, "तरीच गोड लागतं." तेव्हापासून दोस्ती. पुढे जहाजही एकच मिळालं. तो इंजिनखान्यात, जहाजाच्या पोटात, जिथं दिवस आहे की रात्र ते कळत नाही आणि अंगावरचा सदरा पिळला तर चहा करता येईल इतका घाम निघतो. मी वर संदेशखान्यात, कानाला यंत्र लावून.

त्याच्या वडिलांना मी कधी पाहिलं नव्हतं. आबा. सोमनाथच्या मोबाईलमध्ये त्यांचा एकच फोटो होता. काटकुळा माणूस, खांद्यावर घोंगडी, शेजारी डांगी बैल. डांगी म्हणजे तिकडचा पावसात टिकणारा बैल, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा. फोटोत आबांपेक्षा बैलच जास्त ऐटीत उभा होता.

मग त्या उन्हाळ्यात लढाईची वेळ आली आणि आमचं जहाज निघालं. निघण्याआधी सगळ्यांचे मोबाईल गोळा करून लोखंडी पेटीत कुलूपबंद केले. घरी फोन नाही, घरचा फोन नाही. एसटीतल्या म्हाताऱ्याला मी काहीही सांगितलं असलं तरी खरं हे, की आम्ही शत्रूचं एक जहाजही डोळ्यांनी पाहिलं नाही. आमची लढाई म्हणजे वाट बघणं होतं. दिवे बंद, तोफेवर माणसं, इंजिनखान्यात माणसं आणि कुठून काय येईल याचा पत्ता नाही. चार-चार तासांच्या पाळ्या. झोपेत सुद्धा माणूस एक पाय बुटात ठेवायचा.

संध्याकाळी सोमनाथची पाळी सुटली की तो माझ्याजवळ यायचा. त्याला वाटायचं, जगातल्या सगळ्या लहरी माझ्या कानातून जातात. "काय, आमच्या आबाची काय खबर?" असं विचारायचा. पहिल्यांदा विचारलं ते गंमत म्हणून. मीही गमतीनं सांगितलं, "आली ना. गोठ्यात बिबट्या शिरला. आबा म्हणाले, आलाच आहेस तर दावं धर, मी खुंटा ठोकतो. बिबट्यानं तासभर दावं धरलं आणि कंटाळून गेला."

सोमनाथ इतका हसला की त्याला उचकी लागली. म्हणाला, "आबा आसंच म्हनल."

तेव्हापासून रोजचा रतीब सुरू झाला. आबांनी बैलावर बसून भंडारदऱ्याचं धरण ओलांडलं. आबा ग्रामसेवकावर रुसून चार दिवस झाडावर राहिले, तर सहीसाठी ग्रामसेवकच झाडावर गेला. बाकीचे खलाशीही येऊन बसायला लागले. हरयाणाचा एक जण तर आबांची खबर ऐकल्याशिवाय जेवायचा नाही. मला भाव चढला. खरा आबा काय करत असेल याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही.

अकोले

संगमनेरहून पुढं हवा बदलते. अकोल्याच्या स्टँडवर उतरलो तर भर दुपारी लोक मफलर गुंडाळून बसलेले. आमच्याकडे मार्गशीर्षातही दुपारी सावली शोधावी लागते. टपरीवर चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "कुठं?" मी वाडीचं नाव सांगितलं. "कोनाकडं?" म्हटलं, सोमनाथकडं. तो म्हणाला, "नेव्हीवाला? आलाय तो. भाताच्या झोडनीला रजा काढून येतो दर साली. बाप गेल्यापासून."

मला ते ठाऊकच होतं. आमच्या दोघांच्या ओळखीच्या एका मित्रानं सांगितलं होतं, म्हणून तर हीच वेळ साधून निघालो होतो. सोमनाथला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तरी त्यानं उत्तर दिलं नसतं. दीड वर्षात माझा एक फोन त्यानं घेतला नव्हता. मजकूर पाठवला की वाचल्याची खूण यायची, पुढं काही नाही.

मला एवढंच हवं होतं, की त्यानं माझ्याशी बोलावं. शिव्या द्याव्यात, अंगावर यावं, काहीही. केरळातल्या अकादमीत मला कशाचीच भीती वाटली नाही. पहाटे खांद्यावर बंदूक घेऊन डोंगर पळवायचे, पळालो. दहा मीटर उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची होती. मी नेवाशाच्या विहिरीत पोहायला शिकलेला, डोळे मिटून मारली, आणि वर आल्यावर सांगितलं की आमच्याकडं शेळ्यासुद्धा यापेक्षा उंचावरून उड्या मारतात. त्याबद्दल आणखी चार उड्या मिळाल्या. जेवणाच्या टेबलावर काट्या-चमच्यानं पोळी तोडायला लावली, तीही तोडली, जरी पहिल्या दिवशी माझा घास समोरच्याच्या ताटात गेला होता. पण अकोल्यात पुढची गाडी लागली तरी मी भीतीनं दुसरा चहा मागवला.

कारण सांगतो.

समुद्रावर असताना एका दुपारी माझ्याच पाळीत संदेश आला. मीच उतरवून घेतला. अमुक खलाशी, अमुक क्रमांक, वडिलांचे निधन, हृदयविकार, अंत्यविधी उरकले. दोन ओळी. मी कागद घेऊन कप्तानसाहेबांकडे गेलो. त्यांनी वाचला, टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "त्याला घरी पाठवायला माझ्याकडे काहीही नाही. आणि तो इंजिनावर आहे. बंदराला लागेपर्यंत हे तू आणि मी, दोघांतच. लागल्यावर मी स्वतः सांगेन."

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. जहाजावर दोन-अडीचशे जीव होते. हुकूम होता गप्प बसायचा, आणि मी तो पाळला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

संध्याकाळी सोमनाथ आला. तोंडाला तेल लागलेलं, डोळे लाल. "काय रे, आबाची खबर?"

मी म्हणू शकलो असतो, आज यंत्र बंद आहे. डोकं दुखतंय म्हणू शकलो असतो. पण समोर हरयाणावाला बसलेला, आणखी चार-पाच जण. मी म्हणालो, "आबांनी आज बाजारात बैल विकला. घरी आले तर बैल त्यांच्या आधी येऊन दारात उभा. म्हणाला, उशीर का केला?"

सगळे हसले. सोमनाथही.

बंदराला लागायला अकरा दिवस लागले. अकरा संध्याकाळी तो आला आणि अकरा संध्याकाळी मी त्याला मेलेल्या बापाची खबर दिली. ते हुकमात नव्हतं. ते माझं होतं.

बंदरात कप्तानसाहेबांनी त्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा हातात त्याचा मोबाईल होता. सामान भरताना त्यानं मला एकच विचारलं, "तुला कधी कळलं?" मी सांगितलं, अकरा दिवस. त्यानं पिशवीची चेन ओढली आणि गेला. पुढे त्याची बदली झाली, आणि मी अधिकारी व्हायला निवडीच्या मुलाखतीला गेलो.

राजूर

राजूरला बाजाराचा दिवस होता. वरच्या वाड्यांमधून उतरलेली माणसं, हिरड्याची पोती, घोंगड्या, बिब्बे, कोयते. एका ठिकाणी डांगी बैल बांधलेले होते आणि गिऱ्हाईक-दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करत होते. आमच्याकडं लोणी-घोडेगावच्या बाजारात हेच होतं, पण तिथं बोटांबरोबर तोंडंही चालतात. इथं सगळं गप्प. मी बैलांकडे बघत जरा जास्तच वेळ काढला. एका जीपवाल्यानं "वर जायचं का?" विचारलं तेव्हा नाही म्हणावंसं वाटलं होतं.

जीपमध्ये आम्ही सतरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक पत्र्याचा दरवाजा होतो. हाही आकडा खराच आहे, मी मोजली. वाडीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा समोर खळं दिसलं आणि खळ्यावर सोमनाथ.

तो भाताची पेंढी दोन्ही हातांनी धरून लाकडी बाकावर आपटत होता. दाणे उडत होते. त्यानं मला पाहिलं. हातातली पेंढी पूर्ण झोडली, पेंढा बाजूला टाकला, दुसरी पेंढी उचलली. बस.

त्याची आई सुपानं भात वारवत होती. उन्हाकडे तळहात धरून तिनं पाहिलं. "कोन गं बाई?"

"मी भाऊसाहेब. नेवाशाचा. सोमनाथबरोबर जहाजावर होतो."

तिनं सूप खाली ठेवलं. "गोष्टीवाला व्हय तुमी?"

मी नुसती मान हलवली, पुढं थाप जोडली नाही. जन्मात पहिल्यांदा.

तिनं पाणी दिलं, मग आत नेऊन बसवलं. भिंतीवर तोच फोटो मोठा करून लावलेला, बैलासकट. माझ्या रुमालातलं उरलंसुरलं पीठ मी तिच्या हातात दिलं आणि पिठाची सगळी कथा सांगितली. ती हसली. "आमच्याकडं बाजरी कमी. नागलीच खातो आमी. बसा, भाकर टाकते." नागलीची, म्हणजे नाचणीची, काळसर भाकरी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि नव्या तांदळाचा भात. तो भात नुसता खाल्ला तरी गोड लागत होता. मी चार घास खाल्ले आणि हात थांबवला.

"सोम्यानं सांगितल्यात मला तुमच्या गोष्टी," ती म्हणाली. "बिबट्याची. झाडाची. आमचं म्हातारं खरंच तसं हुतं. रुसलं की दोन-दोन दिस वरच्या रानात जायचं." मग चुलीतलं लाकूड मागं ओढून म्हणाली, "मला ती बैल इकल्याची सांगा. सोम्याला इचारलं तर म्हनतो, याद न्हाई. तुमाला आसल."

सोमनाथ तोवर दारात येऊन उभा राहिला होता. आत आला नाही. चौकटीला टेकून पायातली भाताची कुसळं काढत राहिला.

मला गोष्ट आठवत होती. शब्द न् शब्द. म्हणालो, "मावशी, ती मी नाही सांगू शकत. ती मी आबा गेल्याचं कळल्यावर रचली."

तिनं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. मग मीच बोलत सुटलो. कप्तानांचा हुकूम सांगितला, अकरा संध्याकाळी सांगितल्या. आणि जे सांगायला आलो होतो तेही सांगितलं, जे माझ्या आईलाही ठाऊक नाही. अधिकारी व्हायच्या मुलाखतीत पांढऱ्या केसांच्या साहेबांनी माझ्या कप्तानांचं शिफारसपत्र वाचून दाखवलं होतं. त्यात लिहिलं होतं की या मुलाकडे एक जड बातमी होती आणि त्यानं कर्तव्य म्हणून ती अकरा दिवस छातीत ठेवली, चेहऱ्यावर दिसू दिली नाही. साहेब मान हलवत मला म्हणाले, असा माणूस हवा. मी "येस सर" म्हणालो. गोष्टींचं सांगितलं नाही. माझ्या खांद्यावर जी पट्टी आली ती आबांच्या मरणावर आली.

"पट्टी परत करा म्हणालात तर करतो," मी म्हणालो.

"आता तिचं आमी काय करू बाबा," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून ताटाकडे बोट केलं. "भात गार हुतोय."

जेवण झाल्यावर मी खळ्यावर गेलो. सोमनाथ पुन्हा झोडायला लागला होता. मी न विचारता एक पेंढी उचलली आणि शेजारी उभा राहून आपटायला लागलो. मला नीट जमत नव्हतं. दाणे कमी पडत होते, पेंढाच जास्त मोडत होता. पाच-सहा पेंढ्या झाल्यावर त्यानं माझ्या हातातली काढून घेतली, मुठीत कशी धरायची ते दाखवलं आणि परत दिली. तोंडानं नाही, हातानंच.

"सोमनाथ," मी म्हणालो, "तुला एकदाही संशय आला नाही?"

त्यानं पेंढी आपटली. "पैल्याच दिशी आला."

"पहिल्या दिवशी?"

"तू सांगताना माझ्याकडं बघायचास. त्या दिशी हरयानाकडं बघून सांगितलंस."

मी हातातली पेंढी खाली ठेवली. "मग तू रोज येऊन विचारत का होतास?"

"तू खरं सांगशील म्हनून," तो म्हणाला. "आज सांगल, उद्या सांगल. मला बी कुनाला इचारता येत नव्हतं. तूच हुतास." मग जरा थांबून म्हणाला, "आन तू सांगितलीस की वाटायचं, आसंल बी अजून."

एवढंच. दीड वर्षात त्याच्या तोंडून निघालेलं एवढंच. आम्ही उरलेल्या पेंढ्या झोडल्या. त्याच्या आईनं दाण्यांची रास केली. उन्हं डोंगराआड सरकली तशी अंगात हुडहुडी भरायला लागली. फाट्यावरून खाली जाणाऱ्या शेवटच्या जीपचा हॉर्न ऐकू आला.

मी त्याच्या आईच्या पाया पडलो, पिशवी उचलली. सुतकाच्या घरी भेटायला गेलेला माणूस उठताना "येतो" म्हणत नाही. आमच्याकडं नाही, त्यांच्याकडंही नाही. मी भेटायलाच आलो होतो, उशिरा का होईना. म्हणून गप्पच वळलो आणि बांधावरून चालू लागलो.

"ए," सोमनाथनं मागून हाक मारली. "येतो म्हनून जा."

मी थांबलो. म्हणालो, "भेटायला आलोय रे. येतो कसं म्हणू?"

त्यानं रिकाम्या पोत्याचं तोंड उघडलं आणि आईपुढं धरलं.

"वर्सश्राद्ध झालं मागंच," तो म्हणाला.